छत्रीतले सोडे

सोनूबाई लग्न होऊन थळच्या अलीकडच्या पाड्यावर आली त्याच वर्षी दिनानाथने घरात पहिला टीव्ही आणला, आणि त्या दिवसापासून तिला न मागता एक नोकरी लागली. दिनानाथ कौलांवर चढायचा, बांबूला बांधलेला ॲन्टेना फिरवायचा. हिने ओटीवर उभं राहायचं, एक डोळा टीव्हीवर, एक डोळा नवऱ्यावर, आणि ओरडायचं. "आलं." "गेलं." "आलं, आलं, तिथंच थांबा." "अवो, थांबा म्हटलं ना, गेलं परत." समुद्राचा वारा सुटला की बांबू हलायचा आणि पडद्यावरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मुंग्या यायच्या. सोनूबाईचं लहानपण मिठागरात गेलेलं, या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची सवय. ती 'गेलं' म्हणाली की आळीतल्या चार घरांतली माणसं दचकून आपापल्या टीव्हीकडे बघायची.

दिनानाथ टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावर चढणं हा त्याचा रोजचाच धंदा, त्यामुळे पाड्यावर कुणाचाही टीव्ही रुसला की बोलावणं त्यालाच. हाही पुढ्यातलं ताट सारून जायचा. पुढे जमिनीवरून येणारं ते प्रक्षेपण सरकारने बंदच केलं आणि ॲन्टेने कावळ्यांना बसायला उरले, तेव्हा गडी दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी उठून अलिबागला गेला आणि फुकटवाली छत्री घेऊन आला. मोठ्या परातीएवढी, पत्र्याची. महिनाभरात उपग्रह आकाशात नेमका कुठे उभा आहे हे तो असं सांगायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, सकाळी त्याच्याशी बोलूनच आलाय. "महिन्याला पैसे भरून टीव्ही बघणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी पिणं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाड्यावरच्या निम्म्या छत्र्या त्याच्या हातच्या आहेत.

मग निवृत्ती आली आणि पाठोपाठ गुडघा आला. वाटी झिजली म्हणाले डॉक्टर, जिना चढायचा नाही. कौलं जाऊन स्लॅबचं घर झालं होतं, त्याच्या गच्चीला एकवीस पायऱ्या. तेव्हापासून कामाची उलटापालट झाली. दिनानाथ खाली अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि सोनूबाई वर गच्चीवर छत्रीपाशी. पण हुकूम सोडायचं खातं काही बदललं नाही. "डावीकडे. अगो, तुझ्या डावीकडे न्हाय, माझ्या." एवढ्या वर्षांत तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला यातलं काय कळतं. तिनेही सांगितलं नाही. कळत मात्र सगळं होतं.

आता या घरात टीव्हीवरून एक महाभारत झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

यांना एकच मुलगी, हेमाली. तिचं लग्न पनवेलच्या प्रज्योतशी झालं. मुलगा गुणी, मोबाइलच्या टॉवरचं काम करणारा. पहिल्या दिवाळसणाला जावई आला, ओवाळून झालं, जेवण झालं, आणि सगळे टीव्हीपुढे बसले तर चित्र मध्येच अडखळत होतं. प्रज्योत उठला. नव्या कोऱ्या झब्ब्यात गच्चीवर गेला, छत्रीच्या मागचा नट सैल केला आणि छत्री वर उचलली. किती? तांदळाच्या दाण्याएवढी. सिग्नल पन्नासाचा ऐंशी झाला, चित्र आरशासारखं लख्ख झालं आणि कधी न दिसलेल्या वीसेक वाहिन्या वर आल्या. सगळे पाहुणे वा वा म्हणाले. प्रज्योतने खाली येऊन हात धुतले आणि अगदी भाबडेपणाने म्हटलं, "बाबा, थोडी चुकलेली होती."

झालं. चाळीस वर्षं ज्याने अख्ख्या पाड्याला टीव्ही दाखवला त्याला सोळा माणसांदेखत 'चुकलेली होती.' दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर दिनानाथने सोनूबाईला वर पाठवलं आणि छत्री होती त्या जागी परत आणवली. वीस वाहिन्या गेल्या, चित्र अडखळायला लागलं, आणि गड्याच्या जिवाला शांतता लाभली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, त्यातली गत.

त्यानंतर जावयाशी त्याचं बोलणं भिंतीशी बोलल्यासारखं. "पाहुण्यांना चहा विचारा." "पाहुण्यांची गाडी उन्हात हाय म्हणावं." पाहुणा समोरच बसलेला. प्रज्योतला कळेना, आपण केलं तरी काय. हळूहळू त्याने येणं सोडलं. मग हेमाली एकटी यायची, मग तीही येईनाशी झाली, नुसता फोन. दोन वर्षं अशीच गेली आणि माघात बातमी आली की हेमालीला दिवस राहिलेत, पाचवा संपला.

सोनूबाईने त्याच दिवशी आतल्या खोलीतला पलंग धुऊन उन्हात टाकला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं का? पण फोनवर हेमाली म्हणाली, "आये, मी नाय येणार. बाबांनी स्वतः ह्यांना फोन करून बोलवलं तर येईन. नायतर इकडंच होऊ दे. माझ्या माणसाला ज्या घरात नावानं हाक मारत नाय, त्या घरात मी पोर घेऊन दीड महिना राहू?"

पोरीचं चुकलं म्हणायला सोय नव्हती. सोनूबाईने नवऱ्याला सांगितलं. दिनानाथ म्हणाला, "मी कुणाला नको म्हटलंय? घर उघडंच हाय." "फोन करा मग." "फोनचं काय काम? ज्याला यायचं तो येतो." असं आठ दिवस चाललं. लेकीला नऊ महिन्यांची होऊन परक्या बाईच्या हातून न्हाऊ घालून घ्यायला लागणार, या विचाराने सोनूबाईच्या घशाखाली घास उतरेना. आणि कारण काय, तर तांदळाचा एक दाणा.

सातव्यात हेमालीला डोहाळे लागले ते सोड्यांचे. सोडे म्हणजे सोललेली कोळंबी, कडक उन्हात वाळवलेली. बाजारात मिळतात, पण त्यात निम्मी रेती. "तुझ्या हातचे पाठव," लेक म्हणाली. सोनूबाईने सोमवारी पहाटेच थळला जाऊन ताजी कोळंबी आणली, सोलली, मीठ लावलं. आता वाळवायची कुठे? अंगणात शेजारणीच्या, रंगूच्या, तीन मांजरी. गच्चीवर त्याच तीन मांजरी आणि वर कावळे. मागच्या खेपेला सुपात ठेवलेले सोडे नेले होते आणि सूप तेवढं चाटून ठेवलं होतं.

टोपलं काखेत धरून ती गच्चीवर उभी होती आणि तिची नजर छत्रीवर गेली. गुळगुळीत लोखंडी पाइपावर छातीएवढ्या उंचीला. मांजराला चढता यायचं नाही. पत्रा उन्हाने तव्यासारखा तापलेला. फक्त तोंड वर करायला हवं. मागचा नट दिनानाथने मुद्दाम दोन कानांचा बसवून घेतला होता, पान्याशिवाय हाताने फिरवता यावा म्हणून. तिने आधी नटाजवळच्या लोखंडी पट्टीवर, छत्री होती त्या जागी, खालून आणलेल्या करंड्यातल्या कुंकवाने एक बारीक रेघ ओढली, मग नट सैल करून छत्री आभाळाकडे उताणी केली, सोडे पसरले आणि वरून जुन्या जाळ्याचा तुकडा बांधला. मन लावून केलेल्या कामाचं समाधान घेऊन खाली आली आणि भाकऱ्या थापायला बसली. टीव्हीचं तिच्या ध्यानातही नव्हतं, देवाशपथ.

बारा वाजता दिनानाथ नाक्यावरून आला. जेवून जुना सिनेमा बघायचा हा त्याचा रोजचा नेम. टीव्ही लावला, पडदा निळा. सिग्नल नाही.

सोनूबाईच्या हातातला पेला तिथेच थांबला. आता सांगावं की नको? सांगितलं तर 'माझ्या छत्रीत कोळंबी?' म्हणून घर डोक्यावर घेईल. तेवढ्यात त्याने हुकूम सोडला, "जा वर, बघ जरा. मी खालून सांगतो." ती गेली. वर जाऊन तिने सोडे परतले. खालून आवाज आला, "थोडी उजवीकडे." तिने एक सोडा तोंडात टाकून मीठ बघितलं आणि ओरडली, "फिरवली." "आता?" "आता पण फिरवली." "खांब हलतोय का?" "न्हाय हलत." चार वाजता ऊन उतरलं तेव्हा तिने सोडे टोपल्यात भरले, छत्री कुंकवाच्या रेघेला आणून नट आवळला, आणि टीव्ही चालू झाला. दिनानाथ खुर्चीतून उठून म्हणाला, "बघितलंस? बरोबर सांगितलं की येतं."

मंगळवारी पुन्हा अकरा ते चार टीव्ही गेला. गड्याने अख्खी वायर तपासली. खाऱ्या हवेने पिना गंजतात म्हणून जोडण्या सोडून घासल्या, परत बसवल्या. संध्याकाळी टीव्ही आला. "पिनाच होत्या," तो म्हणाला. बुधवारी दुपारी परत गेला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जेवताना पानावर बोट फिरवत म्हणाला, "असा बिघाड जन्मात बघितला न्हाय. अकराला जातो, चारला आपणहून येतो. हा माझ्याच्यानं नाही सापडला तर कुणाच्यानं सापडायचा?"

आणि सोनूबाईच्या डोक्यात दिवा लागला. यांच्यापेक्षा छत्री कुणाला जास्त कळते? या भूतलावर असा एकच माणूस आहे आणि तो पनवेलला राहतो.

तेव्हापासून बाई जी इरेला पेटली ती पेटलीच. सोडे तर वाळवायचेच होते, आता त्यात पुण्यही दिसायला लागलं. गुरुवारी ती पहाटे थळला जाऊन दुप्पट कोळंबी घेऊन आली. घरी परतली तो दिनानाथ ओटीवर बसून गुडघ्याला बाम चोळत होता. "काय झालं?" "काय न्हाय. पावसाळी हवा हाय." "फाल्गुनात?" "समुद्राकाठी हवेचं काय सांगता येतंय?" तिला घाई होती, कोळंबी सोलायची होती, तिने लक्ष दिलं नाही. वर जाऊन बघितलं तर इतकं दव पडूनही कुंकवाची रेघ जशीच्या तशी, उलट ठसठशीत. देवीचंच काम, ती मनात म्हणाली. आपण लेकीसाठी करतोय, देवी पाठीशी आहे.

त्या दिवशी दिनानाथने वेगळंच काढलं. "हे सूर्याचं काम हाय. मार्चमध्ये सूर्य उपग्रहाच्या बरोबर पाठीमागं येतो. त्याच्या तापानं सिग्नल करपतो. शास्त्र हाय हे."

"चार-चार तास करपतो?"

"तापावर असतं ते."

शुक्रवारी सूर्यावरचा आळ उठला आणि रंगूच्या माडावर आला. माड वाढला, झावळ्या छत्रीच्या आड येतात, वाऱ्याने हलल्या की सिग्नल तुटतो. रंगू म्हणाली, छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि माड तर वायव्येला. दिनानाथ म्हणाला, "काकी, लहरी असतात त्या, वळून येतात." टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाशी लहरींवर वाद कोण घालणार? रंगूने कुरकुरत माणूस बोलावला आणि दिनानाथच्या पडवीच्या पत्र्याकडच्या पाच झावळ्या उतरवल्या. वड्याचं तेल वांग्यावर निघालेलं बघून सोनूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने रंगूकडे वाटीभर सोडे नेऊन दिले. कुठे वाळवले ते सांगितलं नाही.

शनिवारी सोनूबाईने हळूच विषय काढला, "कुणाला तरी दाखवू या का?" तिच्या मनात पनवेल होतं. दिनानाथने बाजारातल्या छत्रीच्या दुकानवाल्या भावेशला फोन लावला. भावेश बिचारा धंदा आटोपून साडेपाचला आला. टीव्ही छान चालू. त्याने आपलं यंत्र लावलं आणि म्हणाला, "काका, ऐंशी टक्के सिग्नल हाय. आख्ख्या पाड्यावर एवढा कुणाकडं न्हाय. तुम्हाला पाहिजे तरी काय?"

खरंच, संध्याकाळचं चित्र हल्ली पहिल्यापेक्षा चांगलं दिसायचं. सोनूबाईलाही जाणवलं होतं. पिना घासल्यामुळे असेल, असं तिने धरून घेतलं होतं. दिनानाथने भावेशला चहा पाजून वाटेला लावलं. भावेशने नाक्यावर जाऊन सांगितलं की काकांचा टीव्ही ठीक आहे, काकांनाच दाखवायला हवं. रविवारी नाक्यावर चार जणांनी "काय काका, दिसतं का?" म्हणून विचारलं. दिनानाथ तिथून अर्ध्या तासात घरी आला. एरवी अशा बोलण्यावर त्याने नाका पेटवला असता.

सोमवारी दुपारी पडदा पुन्हा निळा झाला. आठवा दिवस. सोनूबाई कोळंबी सोलत बसली होती. मान खाली ठेवून तिने जपून फासा टाकला. "बिघाड मोठा दिसतो. टॉवरबिवरचं काम करणारा कुणीतरी बघायला हवा."

दिनानाथने रिमोटची दोन बटणं उगाच दाबून बघितली. मग म्हणाला, "असा कोण हाय आपल्या वळखीत?"

"हाय एक. पाहुणा."

"लाव फोन."

"तुम्ही लावा. माझ्या हाताला कोळंबी हाय."

त्याने चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. मग नंबर शोधला. तोही त्याच्या मोबाइलमध्ये निघाला, याचं सोनूबाईला नवल वाटलं. फोन लागला तसा दिनानाथ खुर्चीतून उभा राहिला, साहेबाचा फोन आल्यावर उभा राहायचा तसा.

"हॅलो. प्रज्योतराव का? मी दिनानाथ. हां, हेमीचा बाबा. बरंय. न्हाय, तब्येत बरी हाय. जरा छत्रीचं काम होतं. माझ्याच्यानं न्हाय होत." मध्ये पलीकडून कुणीतरी पुष्कळ बोललं. "न्हाय, न्हाय, तुम्ही स्वतःच या. आणि तिलाही आणा. तिचं काय विचारता? सामान घेऊनच आणा म्हणतो."

फोन ठेवून तो मोरीकडे तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. सोनूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कोळंबीच्या हाताने ते पुसताही येत नव्हतं. 'प्रज्योतराव' म्हणाले. नावानं हाक मारली.

शनिवारी अकरा वाजता गाडी दारात उभी राहिली. हेमाली उतरली, पोट सांभाळत, मागे दोन बॅगा. भाकरतुकडा ओवाळून झाला. प्रज्योत अवघडून ओटीवर बसला आणि दिनानाथ त्याच्याहून अवघडून खुर्चीत. टीव्हीचा पडदा अर्थातच निळा. सोनूबाईने त्या दिवशीही छत्री उताणी करून ठेवली होती. बिघाड दाखवायला बोलावलंय तर बिघाड नको का?

आता तिला खरी धास्ती पडली. जावई वर जाणार, क्षणात छत्री जागेवर आणणार, आणि खाली येऊन पुन्हा भाबडेपणाने काहीतरी बोलणार. एवढ्या दिवसांची मेहनत एका वाक्यात पाण्यात. म्हणून प्रज्योत उठला तशी तीही पाठोपाठ जिना चढली. वर पोचल्या पोचल्या तिने त्याची बाही धरली.

"जावईबापू, आधी ऐका. बिघडवली मीच. ओरडायचं असलं तर मला ओरडा. पण दुरुस्ती तुम्ही करायची न्हाय. खालून ते सांगतील तसं फिरवल्यासारखं करायचं, शेवटी या रेघेला आणायची, आणि खाली जाऊन म्हणायचं, बाबांमुळं झालं. माझ्या लेकीचं बाळंतपण हाय हो."

प्रज्योत जाळ्याखालच्या सोड्यांकडे बघत होता. त्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबत तो रेघ बघायला वाकला, आणि त्याचं हसू थांबलं.

"आई, ही रेघ तुम्ही मारलीत?"

"मीच. कुंकवाची."

"हे कुंकू नाही. ऑइल पेंट आहे." त्याने नखाने खरवडलं, निघेना. मग त्याने बोट किंचित खाली नेलं. तिथे पट्टीवर फिकट गुलाबी, जवळजवळ पुसून गेलेली आणखी एक रेघ होती. "कुंकवाची ही. लाल रेघ हिच्याहून वर आहे."

"किती वर?"

"तांदळाच्या दाण्याएवढी." त्याने मान वर केली. "आई, ही माझी जागा आहे. दिवाळीत मी लावली होती ती."

सोनूबाई कठड्यावर टेकली. दवाने न पुसलेलं कुंकू. ऐंशी टक्के सिग्नल. आणि गुरुवारचा बाम. ती थळला गेली होती तेव्हा हा माणूस एकवीस पायऱ्या चढून आला होता, तो गुडघा घेऊन, एका हातात रंगाचा डबा धरून. बसून बसून चढला असणार, एकेक पायरी मागे सरकत. त्याने सोडे पसरायची जागा बघितली, जाळं बघितलं, तिची रेघ बघितली. तिला एका शब्दाने बोलला नाही. फक्त रेघ जावयाच्या जागेवर नेऊन ठेवली आणि खाली येऊन सूर्याला शिव्या घालत बसला.

तेवढ्यात खालून आवाज आला, पूर्वीसारखाच दणदणीत. "प्रज्योतराव, आधी ते सोडे काढून घ्या, मग छत्री फिरवा. न्हायतर पोरीच्या खिचडीत गंज जाईल."

प्रज्योत जो हसायला लागला तो कठड्याला धरूनच उभा राहिला. सोनूबाईने टोपलं पुढे केलं, दोघांनी सोडे भरले. छत्री वळली, लाल रेघेला आली. हेमाली ओटीवर उभी होती, जिथे तिची आई एवढी वर्षं उभी राहिली तिथे, आणि आईच्याच आवाजात ओरडली, "आलं! बाबा, आलं!" रंगूच्या मांजरी पळाल्या.

"तिथंच ठेवा," दिनानाथ खालून म्हणाला. "तीच जागा बरोबर हाय. मी रंग लावून ठेवलाय."

दुपारी सोड्यांची खिचडी झाली. हेमालीने तीनदा घेतली. जेवताना सोनूबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सगळं कळलं होतं, मग रंगूच्या माडाचं काय?"

"त्या झावळ्या पाच वर्षं माझ्या पत्र्यावर पडत होत्या," दिनानाथ म्हणाला. "म्हटलं, चाललंच हाय तर तेही उरकून घेऊ."

"आणि फोन? तो पहिल्याच दिवशी करायला काय झालं होतं?"

यावर त्याने ताटातली खिचडी इकडची तिकडे केली. "कारण नको का काही? नुसता कसा करायचा," असं काहीतरी तो पुटपुटला आणि जावयाला म्हणाला, "प्रज्योतराव, वाढून घ्या, लाजू नका."

जेवणं झाली. लेक धुतलेल्या पलंगावर जाऊन आडवी झाली, जावई टीव्हीपुढे पेंगायला लागला. सोनूबाई बामची डबी घेऊन ओटीवर आली, नवऱ्याच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन गुडघा चोळायला लागली. खूप सुजला होता.

"काय गो, काय झालं?" त्याने विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "पावसाळी हवा हाय."